घाट ओलांडणारा दिनक्रम

दोन शहरांमधील अंतर कोसांत मोजण्याची रीत मागे पडून किलोमीटरांत मोजण्याची रीत रूढ झाली, तरी ज्या माणसाला रोज सकाळी एका शहरातून निघून दुसऱ्या शहरातील कचेरीत रुजू व्हावयाचे असते आणि रात्री पुन्हा आपल्या घरच्या ताटावर बसावयाचे असते, त्याच्या लेखी ही दोन्ही मापे अपुरी असतात. गाडी केव्हा सुटते, केव्हा पोचवते आणि हे दोन्ही आकडे उद्या, परवा व ऐन श्रावणातही तसेच राहतील याची खात्री कितपत, यावर त्याचे अंतर वाढते किंवा घटते. पुणे आणि मुंबई यांच्या दरम्यान लोहमार्गाचे अंतर १९२ किलोमीटर आहे; तथापि या १९२ किलोमीटरांनी कोणाला नोकरी दिली, कोणाला वडिलांचे घर सोडावे लागण्यापासून वाचवले आणि कोणाचा निम्मा जन्म खिडकीशी व्यतीत करविला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

‘जवळ आलेली शहरे’ हा विषय निश्चित करून या अंकाच्या संपादकांनी मला पुणे–मुंबई या जोडीकडे पाहावयास सांगितले, तेव्हा द्रुतगती महामार्गाचा विचार प्रथम मनात येणे स्वाभाविक होते; कारण या शतकाच्या आरंभी तो मार्ग खुला झाल्यापासून मोटार बाळगणाऱ्यांच्या प्रवासाचे गणितच पालटले. परंतु पेट्रोल आणि पथकर यांचा भार रोजच्या रोज सोसणे हे मासिक वेतनावर संसार चालवणाऱ्याच्या आवाक्यातले नाही, आणि दिवसभराच्या कामानंतर घाटात मोटार हाकणे हे त्याच्या प्रकृतीच्याही आवाक्यातले नाही. त्याचे दैनंदिन दळणवळण आजही रेल्वेवरच चालते, आणि त्या रेल्वेत गेल्या काही वर्षांत ज्या सुधारणा झाल्या त्यांचा ठळक नमुना म्हणजे २२ जून २०२२ पासून नव्या बनावटीच्या डब्यांनिशी धावू लागलेली डेक्कन क्वीन. सुधारलेली गाडी म्हणजे नेमके काय, आणि सुधारणेचा लाभ कोणाच्या पदरात किती पडला, हे तिच्यात बसूनच पाहावे असे मी ठरवले.

फलाटावरची सकाळ

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासात वाजता सुटते आणि दहा वाजून पंचवीस मिनिटांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोचते, असे तिचे वेळापत्रक आहे. सात वाजण्याच्या आत पुणे स्थानकाच्या फलाटावर जो समाज जमतो, त्यात नित्याचा प्रवासी आणि नैमित्तिक प्रवासी यांतला भेद ओळखण्यास फार वेळ लागत नाही. नैमित्तिक प्रवासी डब्याचा क्रमांक दाखवणाऱ्या फलकाकडे पाहत सामानासह पुढे-मागे फिरतो. नित्याचा प्रवासी जिन्यावरून उतरतो तो थेट आपल्या जागी येऊन उभा राहतो, आणि गाडी थांबते तेव्हा डब्याचे दार त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. नवे डबे जुन्यांपेक्षा सुमारे दोन मीटरांनी अधिक लांब असल्यामुळे ही वर्षानुवर्षांची जागा प्रारंभी चुकू लागली होती आणि काही दिवसांतच सर्वांनी ती नव्याने निश्चित केली, असे एका ज्येष्ठ पासधारकांनी सांगितले.

या समाजात कोण नाही? सरकारी खात्यांतील व विमा कंपन्यांतील कर्मचारी आहेत, बँकांचे अधिकारी आहेत, उच्च न्यायालयात तारीख असलेले वकील आणि त्यांच्या मागे कागदांचे गठ्ठे सांभाळणारे कारकून आहेत, आठवड्यातून दोन-तीन दिवस मुंबईच्या कचेरीत तोंड दाखवावे लागणारी संगणक क्षेत्रातील तरुण मंडळी आहेत. यांच्यातच, फारसे न बोलता, मांडीवर तपासण्यांच्या अहवालांची पिशवी घेऊन बसलेली कुटुंबे असतात. ती दादरला उतरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जावयाची असतात. ज्यांच्या कचेऱ्यांना लवकरची हजेरी मान्य असते, त्यांना ही गाडी उशिराची पडते. असे लोक सहाच्या सुमारास सुटणारी सिंहगड एक्स्प्रेस पकडतात आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूच्या प्रवाशांची भिस्तही मुख्यतः तिच्यावरच असते. उलट दिशेने मुंबईहून पहाटे निघणारी इंद्रायणी आणि सकाळची डेक्कन एक्स्प्रेस पुण्याकडे माणसे आणतात. अशा रीतीने घाटाच्या दोन्ही अंगांनी रोज सकाळी माणसांची अदलाबदल होते आणि संध्याकाळी ती बहुतांशी परत फेडली जाते.

स्थानकापर्यंत पोचण्याची सोय हा गाडीच्या सेवेचाच भाग मानला पाहिजे, असे मला या फलाटावर प्रकर्षाने वाटले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे मेट्रो शिवाजीनगर व पुणे स्थानक या दोन्ही ठिकाणी येऊन पोचली, त्यामुळे पहाटेच्या अंधारात दुचाकी काढून ती वाहनतळावर लावण्याचा जो एक स्वतंत्र उद्योग असे, तो काहींचा तरी टळला. रात्री परतणाऱ्या स्त्रियांना या सोयीचे मोल अधिक वाटते. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी पुण्यात पोचली, तरी घराचे दार उघडेपर्यंत प्रवास संपलेला नसतो.

शर्यतीच्या शौकिनांकडून चाकरमान्यांकडे

१ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी सुरू केली तेव्हा तिच्या मालकांच्या मनात कारकून वा वकील नव्हते. मुंबईचे धनिक आठवड्याच्या अखेरीस पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जात, त्यांच्या सुखसोयीसाठी तिची योजना झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या तयार करण्यात आल्या. एक रुपेरी रंगावर शेंदरी पट्ट्यांची आणि दुसरी गडद निळ्या रंगावर सोनेरी रेषांची. डब्यांचे सांगाडे विलायतेत घडवले गेले आणि त्यांवरची घडण माटुंग्याच्या कारखान्यात झाली. तिच्यात वर्ग होते ते पहिला आणि दुसरा एवढेच. तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या बहुसंख्य जनतेला तिच्यात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती.

या गाडीच्या इतिहासात सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी विजेच्या इंजिनाचे किंवा वातानुकूलनाचे नाव घेणार नाही. १९५५ च्या जून महिन्यात तिला तिसऱ्या वर्गाचे डबे जोडण्यात आले, ही ती सुधारणा होय. त्या दिवसापासून दख्खनच्या राणीचे दार सामान्य नोकरदारास उघडले, आणि पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणे ही श्रीमंतांची लहर न राहता मध्यमवर्गाची तजवीज होऊ शकली. पुढे १९६६ साली पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी डबे आले, सातांचे बारा आणि बारांचे सतरा डबे झाले. परंतु हा सगळा विस्तार ज्या गरजेपोटी झाला ती गरज तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने निर्माण केली होती. शर्यतींच्या शौकिनांनी गाडीला कौतुक दिले. तिला गर्दी, नियम आणि आयुष्य दिले ते चाकरमान्यांनी.

घाटाचे शासन

पुण्याहून लोणावळ्यापर्यंतचा मार्ग मावळच्या पठारावरून, भातखाचरांच्या कडेने, फारशी कुरकुर न करता जातो. लोणावळा सोडले की मात्र सत्ता घाटाची चालते. कर्जत आणि लोणावळा ही स्थानके लोहमार्गाने २८ किलोमीटर अंतरावर आहेत, पण त्यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरांचा फरक आहे, आणि चढाची कमाल तीव्रता सदतीसास एक, म्हणजे दर सदतीस मीटरांमागे एक मीटर, इतकी आहे. मोटाररस्त्याला हा चढ क्षुल्लक वाटेल; परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा त्या दोहोंतील घर्षण अत्यल्प असते, सपाटीवर रेल्वे काटकसरीची ठरते ती याच गुणामुळे, आणि चढावर हाच गुण तिचा वैरी होतो.

१८५६ ते १८६३ या काळात हा घाटमार्ग बांधला गेला. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंते होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यानंतर अल्पावधीतच निवर्तले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगरावर राबत होते, आणि पटकी, ताप व अपघात यांनी त्यांच्यातील किती बळी घेतले याची मोजदाद दप्तरांनी निष्ठेने ठेवली नाही. आज वातानुकूलित डब्यात बसून आपण जे बोगदे मोजतो, त्यांचे पहिले दगड फोडणारे हात निनावी राहिले, हे या मार्गावरून जाताना विसरता कामा नये.

संध्याकाळी मुंबईहून पाच वाजून दहा मिनिटांनी सुटलेली गाडी कर्जतला थांबते, आणि तेथे प्रवाशांचे लक्ष वड्यांच्या टोपलीकडे असताना गाडीच्या शेपटाशी महत्त्वाचे काम चाललेले असते. मागील बाजूस जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बैलगाडी चढणीला लागली म्हणजे माणसे उतरून मागून खांदा लावत, तसाच हा खांदा आहे, परंतु त्यामागील विचार केवळ बळाचा नाही. एकट्या पुढच्या इंजिनाने गाडी ओढली, तर मागील सर्व डब्यांचा भार पहिल्या जोडणीवर लोंबकळतो. ती जोडणी तुटली, तर सुटलेले डबे उताराने मागे धावत सुटतील. मागून रेटा दिला म्हणजे जोडण्यांवरचा ताण विभागला जातो, आणि अनर्थाच्या प्रसंगी डब्यांच्या पाठीशी अडसरही राहतो. पुढचा लोको पायलट आणि मागचे लोको पायलट परस्परांना पाहू शकत नाहीत. शिट्टीचे ठरलेले संकेत आणि दूरसंभाषण यांवर त्यांचा मेळ चालतो. लोणावळ्यास ही इंजिने सोडली जातात आणि पुन्हा उतरून पुढच्या गाडीच्या सेवेस हजर होतात.

उतरणीचे शास्त्र चढणीहून अधिक कडक आहे. घाटात शिरण्यापूर्वी ब्रेक नीट लागतात की नाहीत याची खात्री करावी लागते. वेगावर कठोर मर्यादा असते. आणि मार्गात ठिकठिकाणी आपत्कालीन फाटे काढलेले असतात, ज्यांचे रूळ मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या चढाकडे जातात, म्हणजे एखादी गाडी अनावर झालीच, तर ती त्या चढावर जाऊन आपला वेग गमावील. चालकाने गाडी आपल्या ताब्यात असल्याचा प्रत्यय दिल्याखेरीज पुढचा मुख्य मार्ग त्याला मिळत नाही, हे या फाट्यांमागील सूत्र आहे. जी ऊर्जा चढताना खर्च झाली, तिचा काही अंश आधुनिक विद्युत इंजिने उतरताना पुन्हा तारेत सोडतात. ही युक्ती १९३० च्या आसपास या घाटात आलेल्या मालवाहू विद्युत इंजिनांनाही अवगत होती, आणि त्या काळी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे आपले स्वतःचे वीजगृह उभारून या मार्गास वीज पुरवली होती.

पावसाळ्यात घाटाचा अंमल अधिकच कठोर होतो. ज्या हिरवाईने आणि प्रपातांनी प्रवासी मोहित होतो, तेच पाणी खडकांच्या भेगांत शिरून दरडी सैल करते. मध्य रेल्वेने अशा दरडींच्या बंदोबस्तासाठी घाटात खास पथके नेमली आहेत. ही माणसे कमरेला दोर बांधून कड्यांवर उतरतात, पाऊस सुरू होण्यापूर्वी सैल झालेले दगड शोधून ते पाडतात, आणि पावसात अहोरात्र गस्त घालतात. दगड अडवण्यासाठी पोलादी जाळ्या व कुंपणे बसवली आहेत, बोगद्यांची तोंडे वाढवली आहेत. तरीही २०१९ साली मंकी हिल परिसरातील मार्गाची दुरुस्ती कित्येक महिने चालली आणि पुणे–मुंबईच्या गाड्या एकामागून एक रद्द कराव्या लागल्या. त्या वेळी किती संसारांची घडी विस्कटली हे पासधारकांकडून ऐकले, म्हणजे रुळांवर कंदील घेऊन चालणारा ट्रॅकमन हा दोन शहरांच्या अर्थव्यवहाराचा एक आधारस्तंभ आहे, हे उमगते.

नव्या डब्याचा गुण

२०२२ साली आलेले डबे मूळच्या जर्मन बनावटीचे. लिंके हॉफमान बुश या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना सर्वत्र ‘एलएचबी’ म्हणतात, आणि ते आता भारतातच घडवले जातात. त्यांच्या हिरव्या-तांबड्या नव्या वेषाची चर्चा पुष्कळ झाली. रोजच्या प्रवाशाला मात्र त्यांचे गुण अंगाने कळतात. या डब्यांत ब्रेक चाकाच्या कडेवर न दाबता आसावर बसवलेल्या तबकड्यांवर दाबले जातात, त्यामुळे घाटात अधिक निश्चित नियंत्रण राहते. डब्यांची जोडणी मध्यभागी, घट्ट आणि अशा घडणीची असते की अपघात झाला, तरी एक डबा दुसऱ्यावर चढण्याचा संभव पुष्कळ घटतो. सांगाडा गंजरोधक पोलादाचा असतो, आणि चालत्या डब्यातील आवाज इतका कमी होतो की संभाषणासाठी स्वर चढवावा लागत नाही. डब्यांतील दिवे, पंखे व वातानुकूलन यांना लागणारी वीज इंजिनामार्फत वरच्या तारेतूनच घेण्याची व्यवस्था आल्यामुळे, जनित्राच्या धुराचा आणि घरघरीचा उपद्रवही टळू शकतो.

या गुणांचा उपभोग सर्वांना सारखा मिळतो असे मात्र नाही. गाडीच्या एका टोकाला काचेच्या विस्तीर्ण खिडक्यांचा आणि काचेच्या छताचा ‘व्हिस्टाडोम’ डबा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून तो या गाडीला लागतो. त्यातील ४४ आसने फिरवता येतात, आणि घाट सुरू झाला की सर्व प्रवासी दरीकडे तोंड करून बसतात. त्यांचा आनंद निर्व्याज असतो. लहान मुले बोगदा आला की ओरडतात आणि आजोबा त्यांना नागफणीचा कडा दाखवतात. त्याच क्षणी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात अनेकांनी डोळे मिटलेले असतात, कारण पहाटे चारला उठलेल्या माणसाला घाट हा झोपेचा हक्काचा काळ असतो. या दोन्ही प्रवाशांना एकाच गाडीने सामावून घेतले आहे. पर्यटकाने दिलेले अधिक भाडे गाडीला पोसते आणि नोकरदाराची नित्यता तिला टिकवते.

भोजनयान ही या गाडीची आणखी एक मिरास. नियमित गाड्यांतून बसून खाण्याचे डबे जवळजवळ नाहीसे झाले असताना येथे ते नव्या स्वरूपात, चाळीस माणसांच्या बैठकीसह, पुन्हा दिले गेले. ऑम्लेट, चीज टोस्ट आणि कटलेट यांची कीर्ती जुनी आहे. परंतु मला तेथील महत्त्वाची वस्तू वाटली ती मेज. मेजाच्या दोन बाजूंना अनोळखी माणसे समोरासमोर बसतात आणि प्रवासात इतरत्र हरवत चाललेला संवाद येथे सहज सुरू होतो. एक निवृत्त गृहस्थ समोरच्या तरुणीला, मुंबईतील कोणत्या कचेरीत अर्ज द्यावा आणि कोणत्या खिडकीशी वेळ दवडू नये, हे तपशीलवार समजावून देत होते. ती त्यांना “काका, हे लिहूनच घेते,” असे म्हणून वही काढत होती.

पासधारकांचे गाव

रेल्वेचा मासिक पास सामान्यतः दीडशे किलोमीटरांपर्यंत दिला जातो. पुणे–मुंबई हे अंतर त्याहून अधिक असूनही येथे तो दीर्घकाळ चालत आला आहे. या एका सवलतीने दोन शहरांच्या लोकवस्तीवर जो परिणाम केला, तो मोठमोठ्या योजनांनीही क्वचितच केला असेल. मुंबईत दोन खोल्यांचे भाडे परवडत नाही आणि पुण्यात वृद्ध आई-वडील आहेत, मुलांची शाळा आहे, पत्नीची नोकरी आहे, अशा स्थितीत पास हा कुटुंब एकत्र ठेवण्याचा दस्तऐवज ठरतो. त्याची किंमत मात्र देहाने मोजावी लागते. जाऊन-येऊन साडेसहा तासांच्या आसपास गाडीत जातात; त्यात घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हा वेळ मिळवला, म्हणजे उरलेला दिवस केवढा राहतो ते सांगणे नलगे.

म्हणूनच पासधारकांनी गाडीतच आपले गाव वसवले आहे. पासधारकांसाठी राखलेल्या डब्यात बसण्याच्या जागांविषयी अलिखित शिस्त आहे. नव्या माणसाला ती गोड शब्दांत सांगितली जाते, आणि गरोदर स्त्रीला किंवा आजाऱ्याला ती शिस्त मोडून जागा दिली जाते. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाची बदली झाली, हे सर्वांना ठाऊक असते. दसऱ्याला डब्याला तोरण बांधले जाते, महिलांच्या डब्यात चैत्रात हळदीकुंकू होते, सेवानिवृत्त होणाऱ्या सहप्रवाशाला शेवटच्या दिवशी शाल व श्रीफळ देऊन निरोप दिला जातो. आणि १ जून रोजी पुणे स्थानकावर गाडीचा वाढदिवस इंजिनाला हार घालून साजरा होतो. निर्जीव वाहनाविषयी ही आत्मीयता बाहेरच्याला नवलाची वाटेल. परंतु जिच्या वेळेवर आपली भाकरी अवलंबून आहे, तिच्याविषयी ममत्व वाटणे यात अस्वाभाविक काय आहे?

महिलांच्या डब्यातील एका बँक कर्मचारी भगिनींनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात राहिली. टाळेबंदीच्या काळात, मार्च २०२० मध्ये, गाड्या बंद पडल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, तरी पासाची सोय परत येण्यास फार दीर्घ काळ लागला. त्या अवधीत कोणी मुंबईत खाट भाड्याने घेतली, कोणी बिनपगारी रजा टाकली, कोणी राजीनामा दिला. गाडी धावत होती, डबेही होते. परंतु पास नसल्यामुळे ती त्यांच्यासाठी नव्हतीच, असे त्या म्हणाल्या. सेवा सुरू असणे आणि सेवा लाभणे यांतील अंतर इतक्या नेमकेपणाने मी इतर कोठे ऐकले नाही.

मार्गावरची दाटी

डबे नवे आले, इंजिने बलवान आली; मग प्रवासाचा वेळ तीन तास दहा मिनिटांच्या खाली का उतरत नाही, हा प्रश्न डब्यात नेहमी निघतो. घाट हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर रुळांच्या वाटणीत आहे. पुणे ते लोणावळा हा मार्ग दुहेरी आहे, आणि त्यावरूनच १९७८ साली सुरू झालेल्या लोणावळा लोकल, दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांना धावायचे असते. कर्जतच्या खाली उतरले की मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा प्रदेश लागतो. तेथे सकाळच्या प्रहरी एका गाडीला मिनिटभर पुढे काढणे म्हणजे दुसरीतील हजारो माणसांना मिनिटभर मागे ठेवणे होय. दहाला दादर गाठू पाहणारी डेक्कन क्वीन आणि बदलापूरहून दाराला लोंबकळत येणारी लोकल, या दोहोंचे हक्क एकाच रुळावर भेटतात, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याला त्यांचा निवाडा दर क्षणी करावा लागतो.

याचा उपाय अधिक रूळ टाकणे हाच आहे, आणि तो सावकाश होत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका खुली झाली, त्यामुळे लांबच्या गाड्यांना लोकलपासून काही अंतर तरी वेगळी वाट मिळाली. कल्याण–बदलापूर दरम्यानच्या जादा मार्गिका, पनवेल–कर्जत नवा उपनगरी मार्ग, आणि पुणे–लोणावळा दरम्यान तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची जुनी मागणी, या सर्वांचा संबंध वरवर पाहता डेक्कन क्वीनच्या प्रवाशाशी नाही. वस्तुतः त्याची घड्याळातली मिनिटे तेथेच अडकलेली आहेत.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि तिने एक नवी शक्यता दाखवली. तिच्यात शक्ती एका इंजिनात साठवलेली नसून अनेक डब्यांखालील मोटारींत विभागलेली असते, त्यामुळे ती हाच घाट बँकरांच्या साहाय्यावाचून चढते आणि कर्जतला इंजिने जोडण्याचा, लोणावळ्यास ती सोडण्याचा वेळ वाचवते. परंतु तिच्यात मासिक पास चालत नाही, आणि तिचे रोजचे भाडे देऊन कोणी कारकून महिनाभर नोकरी करू शकणार नाही. तंत्राने घाट जिंकला. ते तंत्र पासधारकाच्या वाट्याला येण्याचे मात्र अद्याप बाकी आहे.

सुधारणेचे मोजमाप

या सर्व पाहणीतून माझे जे मत बनले ते असे की, दोन शहरांना जोडणाऱ्या नित्याच्या रेल्वेसेवेची सुधारणा मोजताना रेल्वेने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. गाडी वर्षाच्या किती दिवशी ठरलेल्या वेळेच्या मर्यादेत पोचली? दिवस बिघडलाच, तर प्रवाशाला पर्याय ठरवता येईल इतक्या लवकर त्याला कळवले काय? आणि नव्याने आलेली प्रत्येक सोय पासधारकाच्या डब्यापर्यंत पोचली काय? नवे डबे, पारदर्शक छते आणि रंगसंगती यांचे मी मनापासून स्वागत करतो; त्यांनी प्रवास सुरक्षित आणि सुसह्य केला आहे. परंतु आठवड्यातून एकदा येणाऱ्याला गाडीचे सौंदर्य पुरते, रोज येणाऱ्याला तिची निष्ठा लागते.

ही निष्ठा विकत घेण्यासाठी जो खर्च येतो तो फारसा डोळ्यांत भरणारा नसतो. तो दरडीवर दोराने लोंबणाऱ्या पथकांच्या वेतनात असतो, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या भूसंपादनात असतो, बँकर इंजिनांच्या देखभालीत असतो, आणि पासाची सोय कोणत्याही संकटात प्रथम पूर्ववत करण्याच्या निर्णयात असतो. अशा खर्चाचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो मागे पडण्याची भीती राहते, आणि म्हणूनच त्याची मागणी प्रवासी संघांनी, वृत्तपत्रांनी व लोकप्रतिनिधींनी सतत करीत राहिले पाहिजे. १९५५ साली तिसऱ्या वर्गाचा प्रवासी या गाडीत आला, तेव्हा तिचा दर्जा उतरेल असे म्हणणारे त्या काळीही असतील. प्रत्यक्षात त्याच प्रवाशाने तिला महाराष्ट्राची गाडी केले. घाट चढणारी पुढची वेगवान गाडी जेव्हा केव्हा योजिली जाईल, तेव्हा तिच्या आराखड्यात पहिला डबा पासधारकांचा लिहावा. उरलेले सर्व डबे त्याच्या मागे जोडता येतील.